डोंगरावरचा लाल देव

सन १९८५. ऑक्टोबरचा दुसरा रविवार. नवरात्र तोंडावर आलेलं. त्या दिवशी अमेरिकेत, व्हर्जिनियाच्या डोंगरात, मी एक मूर्खपणा केला आणि एका आजारी बाईच्या तोंडचा घास घालवला. सांगतो. हसायचं असेल त्याने हसावं. चहा सांडू नये.

माझी शाळा चौथीत सुटली. पण अक्कल आहे, असं माझं मत होतं. त्या रविवारपर्यंत!

मुलगा मोहन हर्नडनला इंजिनिअर. सून सुनंदा नागपूरची. मी आणि ही, म्हणजे आमची मंडळी, त्यांच्याकडे सहा महिने राहायला गेलो होतो. रविवारी सकाळी मोहन म्हणाला, "अण्णा, चला, आज तुम्हाला इथलं महाबळेश्वर दाखवतो."

दोन तास गाडी पळाली. डोंगर खरंच मोठे. खोटं कशाला बोलू? पण दर पाच मिनिटांनी हा गाडी थांबवणार.

"अण्णा, पॉइंट आहे. व्ह्यू बघा."

"मघाशी बघितला."

"तो वेगळा होता!"

"झाडं तीच होती."

झाडांची पानं लाल-पिवळी झालेली. ती बघायला म्हणे लांबलांबून माणसं येतात. गळायला आलेली पानं! बघा आता.

हिची चिंता निराळी. मागच्या सीटवरून म्हणाली, "अहो, एवढा थोरला डोंगर, आणि वर कोणीच नाही?"

बरोबर होतं तिचं. आपल्याकडे डोंगर रिकामा असतो का? ज्योतिबा डोंगरावर. जेजुरीचा खंडोबा गडावर. सप्तशृंगीला जाताना तर गुडघे बोलायला लागतात. महाबळेश्वरला हवा खायला जातो आपण, पण आधी महादेवापुढे डोकं टेकतो, मग स्ट्रॉबेरी.

सुनंदा हसली. "आई, इथे डोंगरावर फक्त पार्किंग असतं नं!"

हिने पिशवीतला नारळ मांडीवर घेतला. घटासाठी इंडियन दुकानातून आणलेला. आता तो डोंगरावरच्या देवालाच द्यायचा, हे तिचं ठरलेलं. देव कुठला, ते ठरायचं होतं.

पुढे एक वस्ती लागली. दहा-बारा घरं. मोहन पेट्रोल भरायला थांबला, सुनंदा कॉफी आणायला आत गेली. मी आणि ही पाय मोकळे करायला चढावर गेलो.

आणि काय सांगू! समोर देऊळ.

पांढरं, लहानसं, वर टोकदार छप्पर. पुढे फरशीची पायरी. बाजूला लाकडी खांबावर ही एवढी पितळी घंटा, दोरी लोंबत असलेली. दार बंद, पण जरा फट होती. मी डोळा लावला. आत लालभडक काहीतरी चकाकत होतं.

"शेंदूर," मी म्हणालो.

"मारुती असेल?" हिने विचारलं.

"मोठा आहे. मारुतीच."

चपला काढल्या. मी पायरीवर नारळ फोडला. एका दणक्यात दोन सारख्या वाट्या. मग दोरी धरली. घंटा कशी वाजवायची हे मला कुणी शिकवायला नको. अकरा ठोके दिले. दरीच्या पलीकडून आवाज परत आला. अंगावर काटा आला हो! सहा महिन्यांत पहिल्यांदा मन भरलं. मी डोळे मिटले.

उघडले, तर माणसं धावत येत होती.

एकाच्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस. एकाच्या पायात एकच बूट. एक जाडा माणूस तोंडातला घास चावत पळत होता.

ही गहिवरली. "बघा हो, किती भाविक! आरतीला कसे पळत येतात बिचारे."

मी खोबऱ्याचा तुकडा काढून त्या जाड्याच्या हातावर ठेवला. तो खोबऱ्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. एवढ्यात दोघांनी ते दार सताड उघडलं आणि देव बाहेर आला. चाकांवर. वर शिडी, बाजूला पाण्याचे पाइप.

आगीचा बंब होता!

आम्ही दोघं हात जोडलेले तसेच.

सगळ्यांत शेवटी एक उंच, वाळका म्हातारा पोचला. माझ्याच वयाचा. हातात वल्ह्यासारखं लांब लाकडी उलथणं. तो त्यांचा मुख्य. वॉल्टर त्याचं नाव, हे मागाहून कळलं. त्याने मला विचारलं, "व्हेअर?"

कुठे, एवढं मला कळलं. देवाच्या दारात कुणी कुठे म्हणून विचारलं तर काय सांगाल? मी हात वर केला. वर आहे तो.

सगळ्यांनी वर बघितलं. डोंगरमाथ्यावर धुकं होतं. लांबून अगदी धुरासारखं.

गेला ना बंब वर! भोंगा वाजवत, सगळ्या वस्तीला घेऊन.

मोहन धापा टाकत आला. "अण्णा! काय केलंत?"

"दर्शन घेतलं."

"ही फायर ब्रिगेडची घंटा आहे! आग लागली की वाजवतात, मग सगळी वस्ती विझवायला धावते!"

"तसं लिहून ठेवायचं."

"लिहिलंय!"

होतं लिहिलेलं. इंग्रजीत.

अर्ध्या तासाने बंब परत आला. सुनंदा पुढे झाली आणि तिने सगळं समजावलं. फेसवाला इतका हसला की फेस गळून पडला. वॉल्टर मात्र हसला नाही. त्याने नाक वर करून वास घेतला, हातातल्या उलथण्याकडे बघितलं आणि पळत सुटला.

मी मागोमाग गेलो. अनवाणीच. माझ्यामागे बाकीचे तिघं.

त्याच्या अंगणात चुलाण पेटलेलं. त्यावर तांब्याची मोठी काहील. सफरचंदं आणि त्यांचाच रस पहाटेपासून आटवत ठेवलेला. ॲपल बटर म्हणतात त्याला. लोणी नसतंच त्यात, चाटून खायचा दाट गोड अवलेह असतो. हे दिवसभर ढवळावं लागतं, क्षणभर हात थांबला की खाली लागतं. हात अर्धा-पाऊण तास थांबला होता. काहिलीत काळा कोळसा, वर धूर. त्या दिवशीची एकुलती एक आग ती, आणि ती मी लावलेली.

खालच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. आत पलंगावर त्याची बायको. आवाज बारीक. "झालं का?" तिने विचारलं.

वॉल्टर म्हणाला, "अजून नाही."

मग तो हलक्या आवाजात सुनंदाशी बोलला. बाई चैत्रापासून अंथरुणाला खिळलेली. एडना तिचं नाव. अन्नावर वासना नाही. एवढं एकच मागितलं होतं तिने. दरवर्षी तीच करायची. यंदा याने पहिल्यांदा हातात घेतलं.

मोहनने पाकीट काढलं.

"आत ठेव," मी म्हणालो. "सुनंदा, त्याला सांग, उद्या मी ढवळतो."

"अण्णा, तुम्हाला येतं हे?"

येतं? तीस वर्षं गुळव्या होतो मी! कराडच्या बाजूला चार गावांच्या गुऱ्हाळांत माझ्या शब्दाशिवाय काहील उतरत नव्हती. मी एवढंच म्हणालो, "येतं."

सोमवारी कसलीशी सुट्टी होती. आम्ही जवळच्या मोटेलात मुक्काम केला. ब्रिगेडच्या माणसांनी संध्याकाळी टोपल्यांनी सफरचंदं आणली आणि चिरून दिली. हिने काहील घासली. चिंच नव्हती, तर व्हिनेगर आणि मीठ. काहील अशी निघाली की वॉल्टरने तिच्यात तोंड बघितलं.

पहाटे चूल पेटली. मी ढवळायचो, तो जाळ बघायचा. तो दमला असं मला वाटलं की मी त्याला बसायला खुणवायचो. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटायचं. दोघांपैकी बसलं कुणीच नाही. दिवसभरात तो चार शब्द बोलला असेल. मी तेवढेही नाही. बरा माणूस.

दुपार कलताना त्याने बशीवर थेंब टाकला, बोटाने रेघ ओढली आणि म्हणाला, "डन."

मी थंड पाण्यात थेंब टाकला. गोळी होईना. "नाही," मी म्हणालो.

"डन."

"कच्चं आहे!"

"अण्णा, सोडा नं," सुनंदा म्हणाली. "त्यांच्या घरचं आहे."

"घर त्यांचं, पाक माझा!"

शेवटी निम्मं त्याने बरण्यांत भरलं. निम्मं मी आटवलं. गोळी झाली तेव्हाच उतरवलं आणि परातीत ओतलं. थापलं, गार केलं. काय रंग! मी स्वतः वडी कापली आणि खिडकीतून एडनाच्या हातात दिली. आधी माझी.

तिने चावा घेतला. जबडा थांबला. डोळे मोठे झाले. मग तिने वडी ओढली आणि वडीबरोबर दात बाहेर आले. वरची अख्खी कवळी! वडीला घट्ट चिकटलेली.

तीस वर्षांची माझी कारागिरी. एका आजारी बाईचे दात उपटले तिने.

माझे कान तापले. ही पदरात तोंड घालून उभी. मोहन दुसरीकडेच बघायला लागला. आणि पलंगावरून आवाज आला. एडना हसत होती. बोळक्या तोंडाने, उशीवर मान टाकून, पोट धरून. वॉल्टर दारातच थबकला. त्याने हातातली बरणी खाली ठेवली, डोळ्यांवरून बाही फिरवली, परत बरणी उचलली.

तो आत गेला. चमचाभर त्याचं मऊ ॲपल बटर तिला दिलं. तिने चाटून खाल्लं. तोंड पुन्हा उघडलं. दुसरा चमचा. मग तिसरा.

वॉल्टर बाहेर आला. माझ्यापुढे उभा राहिला आणि सुनंदाकडे बघून एकच शब्द बोलला.

"अण्णा," ती म्हणाली, "हिशेब फिटला, म्हणतात."

मी मान डोलावली.