बर्फात घेतलेलं नाव

पुण्यात लग्न झालं तेव्हा उखाण्यात घेतलं, तेवढंच. त्यानंतर मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. इंग्लंडमध्ये, लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये बड्या कन्सल्टंटलासुद्धा पहिल्या नावानं हाक मारणारी मी, घरी आले की 'अहो'. मैत्रिणी चिडवायच्या. कुणी सक्ती केली नव्हती, पण मला ते आवडायचं, त्यात लाड होता.

पुढे त्यांना नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली, मी लीड्सलाच राहिले. आधी दर शुक्रवारी यायचे, मग ऑन-कॉल ड्यूट्या वाढल्या, मग आले तरी गप्प. विचारलं तर म्हणायचे, थकलोय. माणूस हातातून निसटत होता आणि मी आपली आमटी-भाजीचे डबे भरून देत होते. त्यांना स्कीइंगचं वेड, म्हणून मीही शिकले, तेही इथल्या, बर्फाऐवजी ब्रशसारखी चटई अंथरलेल्या उतारावर, कोपरं सोलून घेत. बल्गेरियातल्या बाल्कन डोंगरात गाइडबरोबर जायची ट्रिप त्यांनी काढली तेव्हा मी म्हटलं, मीही येते. "बघ बुवा, झेपेल का," एवढंच म्हणाले. मला फक्त ते पूर्वीसारखे परत हवे होते.

तिथे डोंगरावर न्यायला दोरावरची लिफ्ट नसते. स्नोकॅट नावाची, रणगाड्यासारखे पट्टे असलेली गाडी तुम्हाला वर नेऊन सोडते आणि कुणी न तुडवलेल्या बर्फातून खाली यायचं. गाइडनं जोड्या लावल्या. झाडीत आपल्या जोडीदाराला नजरेआड करायचं नाही, अडकलात तर त्याचं नाव घेऊन ओरडा, म्हणाला, आणि प्रत्येकाकडून तसं करून घेतलं. माझी पाळी आली आणि तोंडातून निघालं, 'अहो'. कारण सांगितल्यावर सगळे हसले. तेही हसले, कितीतरी महिन्यांनी. तो दिवस मी अक्षरशः तरंगत होते.

मग एका सकाळी झाडीत माझा तोल गेला. एक स्की निसटली आणि मी फरच्या झाडाच्या बुंध्याशी छातीपर्यंत बर्फात रुतले. हात टेकवावा तर तोही आत. खाली झाडांमधून त्यांचं लाल जॅकेट दिसत होतं. 'अहो' म्हणून दोनदा ओरडले. मग जीव घाबरा झाला आणि मी त्यांचं नाव घेतलं, जोरात, पूर्ण. जॅकेट किंचित थांबल्यासारखं वाटलं, मग दिसेनासं झालं.

सगळ्यांच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या गाइडनं मला उपसून काढलं. खाली पोचले तर हे गाडीत बसून चहा पीत होते. मुख्य गाइडनं त्यांना चांगलंच सुनावलं, की आधी जोडीदार, मग चहा. वारा होता, काही ऐकू आलं नाही, असं ते म्हणाले. मी लगेच त्यांची बाजू घेतली. खरंच फार वारा आहे, असं त्या बिचाऱ्या गाइडलाच मी समजावत बसले.

परत आलो. ल्यूटन विमानतळावरून गाडी तेच चालवत होते. शनिवार-रविवार माझ्याकडे लीड्सला राहायचं ठरलं होतं आणि मी मनात रविवार सकाळच्या कांदेपोह्यांपर्यंत पोचले होते. मोटरवेवर समोर बघतच ते म्हणाले, "त्या दिवशी एवढं नावानं ओरडायची काय गरज होती? सगळे वळून बघत होते. लाज वाटली मला."

आधी मला वाटलं, चूक माझीच झाली, सॉरी म्हणावं. तोंड उघडलं, आणि मग कळलं की यांना ऐकू आलं होतं.

भांडायला हवं होतं, पण भांडण्याइतकंसुद्धा काही उरलं नव्हतं. वाटेत नॉटिंगहॅमची पाटी दिसल्यावर मी म्हटलं, "मला स्टेशनवर सोडा. ट्रेननं एकटीच जाईन मी."

त्यांनी लगेच इंडिकेटर दिला आणि गाडी डावीकडे घेतली.