खुंटीवर बसलेली मेंढरं

न्हावऱ्याजवळच्या त्या रानात खोदाईचा पोकलेन उतरवला आणि बघतो तर टॉवरची जागा दाखवणाऱ्या खुंटीभोवती दोनशेच्या वर मेंढरं. सभोवती वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, पक्की ठोकलेली. आदल्या आठवड्यात हे रान रिकामं होतं.

"हे काय, आबा?" मी विचारलं.

"मेंढरं बसवल्यात. खतासाठी," आबा म्हणाले. रान त्यांचंच. पूर्वी कळपामागे हिंडलेलं घर, आता बागायतदार. मेंढरं त्यांच्या भाच्याची होती.

शेतात मेंढरं बसवतात हे मला ठाऊक आहे. नेमकी टॉवरच्या खुंटीवर बसवतात, हे पटत नव्हतं.

मी हाय-टेन्शन लाइनच्या ठेकेदाराकडे आरओडब्ल्यू ऑफिसर आहे. सोप्या भाषेत, लाइनला रस्ता मोकळा करून देणारा. अशा लाइनला जुन्या तार कायद्याचे अधिकार मिळतात. जमीन विकत घ्यायची नसते, मालकी शेतकऱ्याचीच राहते. आम्हाला फक्त टॉवर उभारण्याचा आणि तारा ओढण्याचा हक्क. कोणी अडवलं तर कलेक्टर आदेश काढतात. त्या बदल्यात होईल ते नुकसान आम्ही भरून द्यायचं, आणि भरपाई कमी वाटली तर शेतकऱ्याने जिल्हा न्यायाधीशांकडे जायचं.

या नोकरीत माणूस संशयी होतो. सर्व्हे झाला की माळावर रातोरात डाळिंबाची बाग उगवते. दौंडकडे एकदा मी एक रोप उपटलं, तर नर्सरीची प्लास्टिकची पिशवी मुळाला तशीच होती. त्यामुळे मेंढरं बघून मी मनात केस लिहूनही टाकली: अडवणूक, पाठीमागे दलाल.

मॅनेजरला फोन लावला.

"पोलीस प्रोटेक्शन घ्या," ते म्हणाले. "मशिनचं भाडं चालू आहे."

"बघतो, सर."

मी बांधावर बसलो. "आबा, खरं सांगा. कोणी शिकवलं हे?"

"शिकवायचं काय त्यात? शेजारी बघा की."

शेजारच्या रानात ऊस कमरेपर्यंत आला होता. तोही लाइनखालीच.

"तुमचा सर्व्हेवाला आलता तवा म्या इचारलं, ऊस लावू का? त्यो म्हनला, आबा, लावू नका, टॉवर यायचाय. म्या न्हाई लावला. शेजाऱ्यानं ऐकलं न्हाई, लावला. आता पंचनाम्यात त्याचा ऊस लिवणार. माझ्या रानाचं काय लिवणार?"

मी 'पड' लिहिणार होतो. टॉवरखालच्या जागेचा मोबदला ठरलेला असतो, पण खडीच्या गाड्या नि मशिन भोवतालचं जे रान तुडवतात त्याची भरपाई उभ्या पिकावर निघते. पीक नाही तर भरपाई नाही.

"म्हंजी ऐकलं त्यो येडा," आबा म्हणाले. "म्हून मेंढरं बसवली. पड रानाला कोन खत घालतं? आता लिवा पड."

तरी मी खात्री करून घेतली. सर्व्हेअरला फोन केला. "हो सर, सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी सगळीकडेच सांगतो. उगाच पिकाचं नुकसान कशाला?" बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. मला मात्र संताप आला, आणि कोणावर काढावा हे कळेना.

पुन्हा मॅनेजर.

"मेंढ्यांचा रेट आपल्याकडे नाही," ते म्हणाले. "फॅलो, पड लिहा. नाही पटलं तर जाईल कोर्टात."

"सर, कोर्टात सर्व्हेअरला बोलावतील. तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. आणि कायद्यात पीक नाही म्हटलेलं, नुकसान म्हटलंय."



"शेजारी काय आहे?"

"ऊस."

"मग एका हंगामाचा ऊस धरा. आणि त्या सर्व्हेअरला म्हणावं, तोंड आवरा."

तलाठी आले, पंच जमले. 'मशागत करून, खत घालून लागवडीस तयार ठेवलेले रान' असं लिहिलं गेलं, आणि भरपाई एका हंगामाच्या उसाइतकी. आबांनी ते दोनदा वाचून घेतलं. सही केली तर जमीन जाणार नाही ना, हे मला विचारलं, मग तेच तलाठ्यांना विचारलं. शेवटी म्हणाले, "सायबाला फोन लावा. त्यो बी हेच म्हनतो का बघू."

मॅनेजर स्पीकरवर "हो" म्हणाले, तेव्हा कुठे भाच्याने वाघर सोडली. दुपारी पोकलेन चालू झाला. भरपाई जरा उशिरा, पण ठरल्याप्रमाणे मिळाली.

नियम मोडून फायदा उकळणाऱ्यांवर नजर ठेवायला कंपनी मला पगार देते. आमचं ऐकून ज्याचं नुकसान होतं त्याच्याकडे बघायला मात्र कोणालाच नेमलेलं नाही.