लासुर्ण्याचं विरजण

पुण्याहून मोरगावमार्गे बारामतीची एसटी धरली, तेव्हा मांडीवर बर्फाचा डबा होता. आमच्या प्रयोगशाळेला घरगुती विरजणं हवी होती. दह्यातले काही जिवाणू अंगातून अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, सोडतात, तापत्या दुधातून बुडबुडे सुटावेत तशा. त्यांच्यात औषध भरून कर्करोगाच्या पेशींपर्यंत नेता येईल का, हे आम्ही तपासतोय. अजून सगळा कारभार काचेच्या बशीत आहे.

वाटेत कऱ्हाटीला उतरले. तिथल्या बाईंनी मोठ्या मानाने दुकानातली दह्याची पिशवी पुढे केली. “घरचं आंबट हाय, पाव्हण्यांना कसं द्यायचं?” ते आंबटच मिळवायला दोनदा चहा प्यावा लागला.

बारामतीत जेवून लासुर्ण्याची गाडी पकडली. पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे आम्ही. पोचेपर्यंत सूर्य मावळला. ज्यांच्या घरी जायचं होतं ते शेतकरी तात्या स्टँडवर आले होते. टोपी सैल, भुवया गळलेल्या.

घरी काकूंकडे विरजण मागितलं, तर त्यांनी तुळशीपुढच्या दिव्याकडे बोट दाखवलं. “दिवं लागलं. आता दूध-दही घराभाईर जात न्हाय. सकाळी घ्या.” डब्यातला बर्फ वितळत होता, पण काकूंपुढे आमच्या शास्त्राची डाळ शिजेना. मुक्काम करणं आलं.

जेवायला बाजरीची भाकरी, भरीत आणि मिरचीचा ठेचा. तात्यांपुढे मात्र नुसता दह्याचा वाडगा.

“उद्या बारामतीला केमोची पाळी हाय ह्यांची,” काकू म्हणाल्या. “जात न्हाय म्हंत्यात.”

“कशाला जायचं?” तात्या म्हणाले. “पुण्याच्या लोकांनी आपलं दही न्यायला माणूस धाडलंय. औषध असल्याबिगर धाडत्यात व्हय?”

मला धडकीच भरली. माझं नुसतं येणंच त्यांना पुरावा वाटलं होतं.

“तात्या, दह्यात औषध नाही. त्यातून काही निघतं का, एवढंच शोधतोय. माणसाला अजून काही दिलेलं नाही. उलट केमो चालू असताना हे खावं की नाही, तेही डॉक्टरांना विचारा.”

“किती वर्सं लागतील?”

“माहीत नाही. कदाचित काहीच निघणार नाही.”

तात्या वाडगा बाजूला सारून उठून गेले. मला राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

सकाळी काकू विरजणाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभ्या. “ह्यांना गाडीत घालून न्या, तरच देते.” तात्या ओट्यावरून हलेनात.

“ताई, तुमच्या वडलांना झालं असतं तर?” त्यांनी मला विचारलं.

“ओढत नेलं असतं.”

माझ्याकडे एकदा पाहून तात्या चपला शोधू लागले. बारामतीत त्यांना दवाखान्यात सोडून मी पुण्याची गाडी धरली. शोध बशीबाहेर पडायच्या आत त्याची आशा माणसाच्या ताटात जाऊन बसते, याची खिडकीशी बसून मला भीती वाटत होती.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. “डाक्टर म्हंत्यात, ताकद भरस्तवर घरचं दही बंद. घरात असलं की ह्यांचा हात जातो, म्हणून मी लावायचंच सोडलं. तुमच्याकडं गेलं तेवढंच इरजण ऱ्हायलं. ह्ये बरं झालं की मागायला यीन.”

तेव्हापासून आमच्या फ्रीजमधली एक डबी संशोधनासाठी नाही. तिला दूध घालायचं काम मी कोणावर सोपवत नाही.