गुणवंताच्या मशीनचं मुस्कं

सौसरच्या बसस्टँडसमोर गुणवंताचा फोटो स्टुडिओ आहे. नवरदेवाला 'हसा' म्हणायच्या आधी गुणवंता स्वतःच इतका हसतो, की नवरदेव गंभीर होतो. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या सगळ्या अल्बमांत नवरदेव चिंतेत आहेत.

पुढे व्हिडिओ आला. सत्त्याऐंशी साली गुणवंताने कॅमेरा आणि दोन व्हीसीआर घेतले. एकावर शूटिंगची कॅसेट चालवायची आणि त्यातलं हवं तेवढं दुसऱ्यावर उतरवायचं. नावं काळ्या पुठ्ठ्यावर खडूने लिहायची आणि त्यांचं वेगळं शूटिंग करायचं. एका लग्नाला आठ दिवस जात. म्हणून दसऱ्याला त्याने नागपूरहून इफेक्टची मशीन आणली. दोन व्हीसीआरच्या मध्ये ती जोडली की चित्रावरच नावं उमटणार, चित्र चांदणीच्या आकारात उघडणार. दुकानदाराने चालवून दाखवलं होतं.

घरी सुशीलावहिनींनी मशीनची पूजा केली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि लाल नाडा गुंडाळला. पाच वेढे, गच्च. पूजेचा नाडा आपण होऊन गळेपर्यंत सोडायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत.

मशीनचा दिवा लागला, पण नावं काही उमटेनात. "नवी हाय, रुळून राहिली," म्हणत गुणवंताने पुन्हा खडू घेतला. तरी मशीन मध्ये तशीच राहिली, कारण तिच्यामुळे चित्र स्वच्छ येतं असं त्याला वाटू लागलं. मग गिऱ्हाइकांनाही तसं दिसू लागलं. खोटं कशाला सांगू, मलाही दिसलं.

वैशाखात रामाकोन्याच्या भगवंतरावांच्या विजयमालाचं लग्न झालं, शूटिंग गुणवंताचं. तिला वाढवलं मोहगावच्या अंबाबाई आत्यांनी. आत्या दोन महिने कुरड्या-पापडांत बुडाल्या आणि ऐन आदल्या दिवशी पडून पाय मोडून बसल्या. लग्न हुकलं. विजयमाला माहेरी परतली ती थेट आत्यांकडे. "आत्याले कॅसेट दाखवीन, मंगच सासरी जाईन," तिने जाहीर केलं. रविवारी चारच्या बसने तिला निघायचं होतं. गुणवंताने शब्द दिला, आणि शनिवारी सौसरची लाइट गेली.

मोहगावला लाइट होती. रविवारी सकाळी आम्ही टीव्हीसकट सगळं सामान संत्र्याच्या पेट्यांत, तणसात बसवलं आणि मेटाडोरमधून आत्यांच्या घरी नेलं. आत्या खाटेवर, पायाला प्लास्टर, हातात अडकित्ता. गुणवंता पुठ्ठ्यावर खडूने 'चि. सौ. कां.' लिहीत होता. अकरा वाजले होते.

"गुणवंता, हे मधातलं डब्बं काय करते?"

"नावं लिव्हते, आत्याबाई. चित्रही फिरवते."

"मंग तू काहून लिहून राहिला?"

"ते अजून रुळली नाही."

"कधी आणली?"

"दसऱ्याले."

आत्यांनी बोटांवर महिने मोजले. "सात महिने! इतक्यात तं खोंड वखराले लागते. आन ते डब्बं इकडे!"

मशीन मांडीवर घेऊन त्यांनी नाडा चाचपला. "बैलाले मुस्कं बांधतं आन वरतून त्याले चर म्हणतं का बे?"

"आत्याबाई, पूजेचा नाडा हाय! तो गळूनच पडला पाहिजे!"

"पडते ना," म्हणत आत्यांनी अडकित्ता चालवला.

नाडा पडला. खाली कुंकवाच्या खपलीतून एक बटण टक् करून वर आलं. नाड्याने ते सात महिने दाबून धरलं होतं, आणि ते दाबलेलं असलं की चित्र मशीनमध्ये न शिरता बाहेरूनच पुढे जात होतं. म्हणजे आम्हाला दिसलेली सफाई सुशीलावहिनींच्या हळदकुंकवाची!

मग गुणवंताला आवरणं कठीण झालं. विजयमाला आणि जावई रवींद्र चांदणीतून उगवले. बिदाईला रडणारे भगवंतराव गरगर फिरले.

"माह्या भावाले काहून फिरवतं रे? त्याले आधीच चक्कर येते!" आत्या हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

पावणेचारला कॅसेट पुरी झाली. शेवटी गुणवंताने कुणी न सांगता एक ओळ टाकली होती: 'कुरड्या-पापड: अंबाबाई आत्या, मोहगाव.'

आत्यांनी ती ओळ तीनदा लावायला लावली. तोवर चार वाजून गेले. बस रस्त्यावर उभी होती, आणि विजयमालाला बोलवायला आलेला कंडक्टर टीव्हीसमोर बसून कुरडई खात होता.