ईश्वरप्पांचे सत्याण्णव

जळकोटहून उदगीरला जीपनं अर्धा तास लागतो, एसटीनं पाऊण तास आणि ईश्वरप्पा बिरादारांच्या गाडीनं सव्वा तास. आमच्या गावात हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. ईश्वरप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. रिटायर झाल्यावर एक जुनी पांढरी कार घेतली आणि तिचा काटा कधी पंचेचाळीसच्या पुढं जाऊ दिला नाही. त्यांच्या गाडीतून लग्नाला गेलेल्यांना अक्षता मिळायच्या नाहीत, थेट पंगत मिळायची. कुणी आजारी पडलं की घरचे लोक आधी बाकी सगळ्यांच्या गाड्या विचारायचे आणि अगदीच निरुपाय झाला तर आप्पांच्या दारात यायचे.

मी दयानंद. जळकोटच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, दाखले, वीजबिलं, सगळं करतो. त्यामुळे चलान आलेला माणूस पहिल्यांदा माझ्याकडे येतो आणि सरकारला द्यायच्या शिव्या मला देऊन जातो.

लातूर-नांदेड रस्ता गुळगुळीत झाला आणि मागोमाग त्यावर वेग मोजणारी पोलिसांची गाडी येऊन उभी राहू लागली. तेव्हापासून आमच्याकडं दोन पक्ष झाले. एका पक्षात सगळं गाव आणि दुसऱ्यात एकटे आप्पा. गावाच्या पक्षाचा पुढारी श्रीमंत नावाचा जीपवाला. त्याचं म्हणणं, रस्ता इतका चांगला केला तो काय बैलगाडी चालवायला? त्यानं मोबाईलवर एक ग्रुप काढला होता. कॅमेऱ्याची गाडी दिसली की तिथं कुणीतरी लिहायचं, ‘लोह्याच्या अलीकडं पाहुणे बसलेत.’ की सगळ्यांचे पाय ब्रेकवर. पाहुणे मागं पडले की पुन्हा आहे तसंच. श्रीमंतच्या नंबरप्लेटवर लिंबू-मिरची अशी लटकत असे की आठाचा तीन दिसावा. गाडीला दृष्ट लागते, असं तो म्हणायचा. फक्त नंबरालाच कशी लागते, ते त्यानं सांगितलं नाही.

आप्पा मात्र त्या पोलिसांच्या गाडीशेजारी आपली गाडी थांबवायचे, खाली उतरून शिपायांना नमस्कार करायचे आणि उन्हात उभं राहून काम करता म्हणून आभार मानायचे. एकदा तर त्यांनी थर्मासमधला चहा पाजला. शिपायांनाही ते अवघड जायचं. असा माणूस त्यांना नोकरीत दुसरा भेटला नव्हता.

तर या आप्पांच्या मोबाईलवर मागच्या वर्षी चलान आलं. लातूर-नांदेड रस्ता, वेगाची हद्द ऐंशी, गाडीचा वेग सत्याण्णव.

मेसेज वाचला त्यांच्या नातीनं, सृष्टीनं, आणि ती वाचतच पळत सुटली. तासाभरात गावभर झालं. श्रीमंतनं हॉटेलात सगळ्यांना चहा सांगितला. आप्पा तिथून निघाले होते, त्यांना बोलावून हार घातला. ज्यांना आजवर चलान आलं होतं ते सगळे एकेक करून येऊन त्यांचा हात हातात घेऊन गेले. कुणीही चिडवलं नाही, हेच आप्पांना जास्त लागलं. पोरं खरोखरच आदरानं विचारू लागली की आप्पा, त्या जुन्या गाडीतून सत्याण्णव काढलं कसं?

आप्पा हार हातात धरून सरळ माझ्या दुकानात आले. दुसऱ्या हातात डायरी. एसटीत असल्यापासून रोजच्या फेऱ्या लिहून ठेवायची त्यांची सवय होती. त्यांनी ती तारीख उघडून माझ्यासमोर ठेवली. मंगळवार. नांदेड, अयोध्याच्या घरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. गाडी उभी.

अयोध्या ही त्यांची मुलगी, नांदेडला शाळेत शिक्षिका आहे. ऑपरेशनसाठी नवरा-बायको तिच्याकडं गाडी घेऊन गेले होते आणि आठ दिवस राहिले होते.

“एका डोळ्याला पट्टी होती,” आप्पा म्हणाले, “दुसऱ्या डोळ्यानं वरचा पंखा बघत पडलो होतो. गाडी सत्याण्णवनं कोण पळवून राहिलं, मी का पंखा? यंत्र चुकलंय. कर तक्रार.”

यंत्र चुकल्याचं आप्पांच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं, कारण आमच्याकडं चलान आलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो. मी चलान उघडलं. तक्रार करायच्या आधी फोटो बघावा म्हणून त्यावर टिचकी मारली. गाडी त्यांचीच, नंबर त्यांचाच. आप्पा चष्मा लावून जवळ आले. मी फोटो मोठा केला, अजून मोठा केला.

चालकाच्या जागी हिरवी साडी होती. डोक्यावर पदर, नाकात मोठी नथ, आणि बाजूच्या सीटवर अयोध्या, तोंड उघडं ठेवून हसत होती.

पंचफुलाकाकू, आप्पांच्या बायको. साठ वर्षांच्या. ज्यांनी आमच्या माहितीत कधी सायकलही चालवली नव्हती.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं हे नशीब. आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मला वाटलं, आता हा माणूस पेटणार. पण ते अगदी हळू म्हणाले, “दोन्ही हात स्टेअरिंगवर हाईत.” मग अजून वाकून बघितलं. “बेल्टबी लावलाय.”

मी विचारलं, तक्रार करायची का.

“तक्रार केली की ते इचारतील, तुम्ही न्हाई तर मग कोण? तिच्याकडं लायसन कुठं हाय?” ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले. “भरून टाक. माझ्या नावानं. आणि दयानंद, तू हे बघितलेलं न्हाईस.”

मी बघितलेलं नाही. आता काकूंनी स्वतःच सगळ्या गावाला सांगून टाकलंय, म्हणून लिहायला हरकत नाही. पुढचंही त्यांनीच मला सांगितलं.

घरी गेल्यावर आप्पा दोन दिवस बोलले नाहीत. काकूंना कळायचं ते कळलं होतं. त्यांनी त्या दोन दिवसांत आप्पांच्या आवडीचं सगळं करून घातलं. तिसऱ्या दिवशी जेवताना आप्पांनी मान वर न करता विचारलं, “सत्याण्णवला गाडी डावीकडं ओढत होती का?”

“थोडी,” काकू म्हणाल्या.

“मला वाटलंच होतं. डाव्या चाकात हवा कमी हाय.”

मग काकूंनी सगळं सांगितलं. अयोध्याच्या बाळंतपणाला तीन महिने नांदेडला होत्या, तेव्हा लेकीनं सकाळी मोकळ्या मैदानात शिकवलं. पहिल्यांदा गंमत म्हणून, मग हात बसला. त्या मंगळवारी देवदर्शनाला म्हणून दोघी निघाल्या आणि देव राहिला बाजूला.

“गाडी घेतल्यापासून तुमच्या शेजारी बसते,” काकू म्हणाल्या. “आपल्या पुढून ट्रॅक्टर गेले, उसाच्या गाड्या गेल्या. एकदा बघायचं होतं, पुढं गेल्यावर कसं वाटतंय ते.”

आप्पांनी हात धुतला. आणि संसाराच्या चाळीस वर्षांत जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हदगावच्या पुढं शेळीमागं पळत एक पोरगी रस्त्यावर आली होती. आप्पांनी ब्रेक मारला. बस थांबली तेव्हा पोरगी बंपरला हात टेकून उभी होती. काही झालं नाही. ती शेळी घेऊन निघूनही गेली. बसमधल्या लोकांनी उशीर झाला म्हणून कटकट केली. पण त्या दिवशी काटा पन्नासवर होता. साठवर असता तर काय, याचं गणित त्यांनी त्या रात्री मांडलं आणि पुन्हा कधी मांडायची वेळ येऊ नये म्हणून पंचेचाळीसवर थांबले.

“हे आधी का न्हाई सांगितलं?” काकूंनी विचारलं.

“इचारलं कुणी? सगळे उशीर का झाला तेवढंच इचारतेत.”

काकू भांडी घासायला उठल्या, तेव्हा आप्पा म्हणाले की उद्या सकाळी दयानंदकडं जाऊ आणि लायसनचा फॉर्म भरू.

पुढचे दोन महिने गावानं एक वेगळाच तमाशा बघितला. आप्पा गाडीत बाजूच्या सीटवर आणि काकू स्टेअरिंगवर. गावाची समजूत अशी झाली की चलानाचा धसका घेऊन म्हाताऱ्यानं ड्रायव्हिंग सोडलं आणि बायकोला कामाला लावलं. श्रीमंतनं येऊन धीर दिला की आप्पा, एका चलानानं इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. आप्पांनी मान डोलावली. खरं बोलता येत नव्हतं आणि खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्या दिवसांत त्यांनी मान फार डोलावली.

परीक्षेत काकू पहिल्या फटक्यात पास झाल्या. आठ काढताना एकदाही रेषेला चाक लागलं नाही. लायसन हातात पडलं त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काकूंनी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या आणि प्रत्येक बाईला सत्याण्णवची गोष्ट सांगितली. बायकांनी ती घरोघर नेली. संध्याकाळी श्रीमंत माझ्या दुकानात आला. म्हणाला, हार चुकीच्या माणसाला घातला गेला. पण काकूंना हार घालायची हिंमत काही त्याला झाली नाही. ग्रुपमध्ये यायचं निमंत्रण तेवढं दिलं. काकूंनी विचारलं, त्यात काय असतंय? पोलीस कुठं उभे हाईत ते कळतंय, श्रीमंत म्हणाला. मग पोरी कुठं शेळ्यांमागं पळून राहिल्यात ते कळतंय का, असं काकूंनी विचारलं. त्याला त्याचा अर्थ लागला नाही. ग्रुपमध्ये त्या गेल्या नाहीत.

काकू आता साठ-पासष्टनं चालवतात. आप्पांना ते जास्त वाटतं, काकूंना कमी.

चैत्रात दोघं माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेले. नांदेड मागं पडेपर्यंत आप्पा समोर ब्रेक नसतानाही पाय दाबत होते, गिअर बदलायच्या सूचना देत होते. मग आवाज बंद झाला. काकूंनी वळून बघितलं, तर आप्पा मान एका बाजूला टाकून झोपले होते. चालत्या गाडीत त्यांना झोपलेलं काकूंनी पहिल्यांदाच बघितलं.

माहूरला पोचल्यावर काकूंनी गाडी एका झाडाखाली सावलीत लावली, काचा खाली केल्या आणि डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आप्पांची भाकरी झाकून ठेवली. त्यांना उठवायची काही घाई नव्हती.