आजोबांशेजारची खुर्ची

आजोबांचा एकच फोटो आमच्याकडे होता आणि बाबांनी तो आयुष्यभर ट्रंकेत पालथा ठेवला. देवळीच्या एका जिनिंगमध्ये आजोबा कापसाच्या गाठी उचलायचे. फोटोत मालक खुर्चीवर बसलेला आणि बाजूला आजोबा, अनवाणी, हात जोडून समोर बघत उभे. बाबांना लाज आजोबांची नव्हती, त्या फोटोची होती.

सिंदी मेघेला घर बांधलं तेव्हा मात्र बैठकीच्या भिंतीवर त्यांना आपला बाप हवा झाला. गृहप्रवेश चार दिवसांवर आलेला. मी म्हटलं, आता एआयला साध्या मराठीत सांगितलं की तो फोटो बदलून देतो. बाबांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि सांगितलं, "सदर फोटोतील उभ्या इसमास खुर्चीवर बसविण्यात यावे." तहसीलमध्ये जन्म काढलेला बाबू, साधं बोलणार कसा! मी हसू दाबून जसंच्या तसं टाइप केलं.

एआयला तीही भाषा कळली. मालक गायब आणि आजोबा खुर्चीत. पायांत बूट, पायावर पाय, हात खुर्चीच्या दांड्यांवर ऐसपैस. मला तर फार आवडला. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि मोबाईल परत दिला.

"हा माहा बाप नाई. तो असा कधी बसलाच नाई."

राग माझ्या नाकावरच असतो. मग लावा तसाच, मालकाचा हमाल म्हणून हात जोडलेला, असं मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. बाबा उठले. बाहेर जाऊन कंपाउंडच्या नव्या भिंतीवर पाणी मारत राहिले. मला इतकं वाईट वाटलं की चहा तसाच गार झाला.

थोड्या वेळानं ते ओले हात पुसत माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, जिनिंगमध्ये बापाला मालकापुढं हात जोडून रामराम करावा लागे. पण संध्याकाळी घरी आला की उंबऱ्यातूनच आम्हा पोरांना हात जोडून जयभीम म्हणे. हात तर तेच होते.

"मालक काढ. खुर्ची काढ. माह्या बापाले हात नको लावू."

या वेळीही ते बोलले तसंच मी टाइप केलं. फोटोत आता आजोबा एकटेच होते. पाय अनवाणी, अंगावर तोच मळका सदरा, हात जोडलेले. पण शेजारी कोणी नव्हतं, त्यामुळे ते बघणाऱ्यालाच नमस्कार करत होते. माझे डोळे भरून आले.

फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर लागली. गृहप्रवेशाच्या सकाळी पाहुणे यायच्या आधी बाबा मुद्दाम बाहेर गेले आणि सगळ्यांत पहिले दारातून आत आले. भिंतीसमोर थांबून त्यांनी हात जोडले.

"जयभीम, बा," ते म्हणाले. आजोबांचे हात आधीच जोडलेले होते.