मिस्तरींच्या अंगठ्यातलं वळं

निजामाच्या अमदानीत नांदेडला बंदुका दुरुस्त करणारे एक मिस्तरी होते. ते गिऱ्हाइकाकडे न बघता हत्याराशीच बोलायचे. अंगठ्यात जुन्या बंदुकीच्या नळीचं, काडतूस बसतं ते मागचं टोक कापून केलेलं वळं असायचं.

अर्धापूरला आमच्या केळीत रानडुकरं घुसायची. घरीच काडतुसं भरायला स्वस्त दाब, म्हणजे काडतूस दाबून बसवायचं हातयंत्र, घ्यायचा, या हौसेनं मी आठवडाभर नाचत होतो. मिस्तरींच्या दुकानात शिरताच एका चकचकीत दाबावर हात ठेवला.

"लई नटलाय हा," मिस्तरी दाबाला म्हणाले, "काम कसं करतो बघू." त्यांनी दारू न भरताच एक काडतूस त्यात दाबलं आणि अंगठ्यातलं वळं काढून त्यात सोडलं. ते मधेच अडकलं. "डुक्कर अंगावर आल्यावर बंदुकीत असंच अडकंल."

मग त्यांनी कोपऱ्यातला गंजका, सगळ्यात स्वस्त दाब ओढला. त्यात दाबलेलं काडतूस वळ्यात बुडापर्यंत सुळकन गेलं. मी तोच विकत घेतला.

दाब काखेत मारून मी निघालोच होतो. मिस्तरींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि वळं माझ्या अंगठ्यात घातलं.

"हरेक काडतूस यातून बघा, पाटील. एकबी सोडू नका."

अर्धापूरपर्यंत मी ते वळं फिरवत आलो. त्यांच्या उघड्या अंगठ्यावरचा पांढरा पट्टा मात्र डोळ्यांपुढून हलेना.